यूकॅटचे गुण आणि डॉक्टर होण्याची पात्रता

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रात कायम वर्गात पुढे असते. ब्रिटनमध्ये मेडिकलला अर्ज करायचा म्हणून यूकॅट या प्रवेश चाचणीची तयारी सुरू केली, पण सराव परीक्षेत २७०० पैकी १६०० च्या पुढे काही केल्या जात नाही. क्लासचे सर म्हणाले, हिचा कल डॉक्टरकीचा नाही. तेव्हापासून ती पुस्तकाला हात लावत नाही. आम्ही हा नाद सोडावा का? – एक आई

उत्तर : ताई, मुळीच सोडू नका. सरांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो आधी मुलीच्या मनातून जायला हवा.

मेडिकलच्या जागा थोड्या, अर्ज ढीगभर आणि बहुतेकांचे शाळेतले गुण उत्तम. मग निवडायचं कसं? यासाठी ब्रिटनमधल्या काही विद्यापीठांनी मिळून २००६ मध्ये ही चाचणी आणली. विज्ञान किती येतं हे त्यात विचारतच नाहीत. वेळेच्या दडपणाखाली मजकूर आणि आकडे वाचून नेमका निर्णय घेता येतो का, एवढंच बघतात. या गुणांचा पुढच्या मेडिकलच्या परीक्षांमधल्या यशाशी संबंध दिसतो, पण तो माफकच. रुग्णाचं शांतपणे ऐकून घेणं दोन तासांत संगणकावर मोजता येत नाही. म्हणून तर विद्यापीठं मुलाखतीही घेतात.

आता गुण अडतात कुठे ते शोधू. उताऱ्यांच्या विभागात ४४ प्रश्न आणि २२ मिनिटं. एका प्रश्नाला जेमतेम अर्धा मिनिट, त्यातच उताराही वाचायचा. समजा उताऱ्यात आहे, 'औषध घेतलेल्यांपैकी बहुतेक रुग्ण बरे झाले.' विधान आहे, 'औषध न घेतलेले बरे झाले नाहीत.' उत्तर : सांगता येत नाही. अभ्यासू मुलं नेमकी इथे घसरतात, कारण पाठ्यपुस्तकातली माहिती नकळत उत्तरात शिरते.

म्हणून या आठवड्यात तिला एक संच घड्याळ न लावता सोडवू द्या. उत्तरं बरोबर आली, तर अडचण फक्त वेगाची आहे आणि वेग सरावाने वाढतो. तरीही चुकली, तर प्रत्येक चुकीशेजारी 'मी काय गृहीत धरलं' हे तिने एका ओळीत लिहावं. मला हा उपाय नव्या संचांच्या माऱ्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

पुस्तकं जुनी नाहीत ना, तेही बघा. आकृत्यांचा विभाग २०२५ पासून काढून टाकला आहे. त्यावर वेळ घालवू नका. प्रसंगांवरच्या प्रश्नांचे गुण २७०० मध्ये धरत नाहीत, त्यांना १ ते ४ अशी श्रेणी मिळते. म्हणून मुलं तिकडे दुर्लक्ष करतात, आणि काही विद्यापीठं चौथ्या श्रेणीचा अर्ज सरळ बाजूला ठेवतात.

परीक्षा वर्षातून एकदाच देता येते, पण गुण अर्ज भरण्याआधीच हाती येतात. मेडिकलसाठी चारच विद्यापीठं निवडता येतात आणि मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत असते. कुठे यूकॅटला फार वजन, कुठे शाळेच्या गुणांना. प्रत्येकाचे निकष त्यांच्या वेबसाइटवरून उतरवून तुम्ही तक्ता करून ठेवा, तिला सरावाला मोकळं सोडा, आणि नावं गुण कळल्यावरच पक्की करा.