वाचकांचे प्रश्न : दुखणे शरीराचे की मनाचे?

प्रश्न : मी वडोदऱ्यात वाडी भागात राहते. वय ६१. गेल्या भाद्रपदात यजमान गेले. मला बरीच वर्षे मधुमेह असून मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. यजमान गेल्यापासून मान आणि कंबर धरलेलीच असते, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही, पायांना मुंग्या येतात आणि मधूनच श्वास पुरत नाही असे वाटते. एक्स-रे आणि ईसीजी नॉर्मल आले. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." मुलगा म्हणतो, "आई, सगळं मनाचं आहे." जाऊबाई मला समग्र उपचार करणाऱ्या एका बाईंकडे घेऊन गेल्या. त्यांनी सांगितले की नवऱ्यावरचा राग आयुष्यभर दाबून ठेवल्यामुळे हा आजार जडला आहे. एकवीस बैठका घ्याव्या लागतील आणि ऊर्जा स्थिर होईपर्यंत गोळ्या कमी कराव्यात. माझे दुखणे खरे आहे की नाही? गोळ्या कमी करू का? आणखी एक, रोजची पूजाही आताशा होत नाही, त्याचे मनाला लागून राहिले आहे.

उत्तर : ताई, तुमचे दुखणे खरे आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची जी व्याख्या केली आणि २०२० साली सुधारून घेतली, तिच्यात वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचाही क्लेशदायक अनुभव असल्याचे म्हटले आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसते. आठ-नऊ महिन्यांचे जागरण, आखडलेले स्नायू आणि माणूस गेल्याचे दुःख त्यात दिसत नाही. दीर्घ ताणात शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते, त्यामुळे यकृतातून रक्तात जास्त साखर सोडली जाते आणि झोप उथळ होते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तेच दुखणे अधिक बोचते. जपानमध्ये १९९० साली प्रथम वर्णन झालेला 'ताकोत्सुबो' नावाचा हृदयविकार आहे. मोठ्या धक्क्यानंतर, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये, हृदयाचा एक भाग अचानक दुबळा पडतो आणि बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत पूर्ववत होतो. दुःखाने काळीज हलते ही वस्तुस्थिती इकोकार्डिओग्रामच्या पडद्यावर दिसलेली आहे. तेव्हा "मनाचं आहे" याचा अर्थ "खोटं आहे" असा घरात कोणी लावत असेल, तर हा परिच्छेद चिरंजीवांना वाचायला द्यावा.

याची दुसरी बाजू मला तितकीच महत्त्वाची वाटते. दुःख झालेल्या बाईची प्रत्येक तक्रार दुःखाच्या खात्यावर मांडून मोकळे होणे ही सुद्धा अर्धवट चिकित्साच आहे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि शाकाहारी व्यक्तींमध्ये ते मुळातच कमी असण्याचा संभव जास्त. ब-१२ घटले की पायांना मुंग्या येतात, थकवा येतो आणि मनही उतरते. हेच चित्र थायरॉइड मंदावल्याने किंवा रक्तक्षयाने दिसू शकते, आणि मुंग्या मधुमेहाने नसांना झालेल्या इजेच्याही असू शकतात. श्वास पुरत नाही ही तक्रार मधुमेही स्त्रीने केली की मी ती कधीच हलक्यावर घेत नाही, कारण अशा स्त्रियांमध्ये हृदयविकार छातीत न दुखता नुसत्या दमाने किंवा थकव्याने पुढे येऊ शकतो आणि पडून काढलेला ईसीजी नॉर्मल असला तरी तेवढ्याने तो नाही असे ठरत नाही. म्हणून येत्या आठवड्यात आपल्या डॉक्टरांकडे पुन्हा जावे आणि या चार गोष्टी एका कागदावर लिहून न्याव्यात: ब-१२, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर. पायांची संवेदना तपासून घ्यावी आणि हृदयासाठी आणखी तपासणी हवी का, हे स्पष्ट विचारावे. श्वास विश्रांतीतही लागू लागला, घाम फुटला किंवा जबडा, खांदा भरून आला, तर मात्र आठवड्याची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

आता त्या उपचार करणाऱ्या बाईंविषयी. गोळ्या कमी करू नका. प्राणायाम, चालणे आणि आहार यांनी साखर किंवा रक्तदाब खरोखरच उतरला, तर तो मोजमापात दिसेल आणि गोळी ज्यांनी लिहून दिली तेच ती आनंदाने कमी करतील. रक्तदाबाच्या काही गोळ्या एकाएकी बंद केल्यास दाब आणि नाडी दोन्ही उसळतात, हे त्या बाईंना ठाऊक असण्याचे कारण नाही आणि म्हणूनच तो सल्ला देण्याचा त्यांना अधिकार नाही. चमत्काराने मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना तर आपल्या देशात १९५४च्या कायद्यानेच मनाई आहे. पण मला त्याहूनही खुपले ते रागाचे निदान. पतिनिधनाचे पहिले वर्षही न सरलेल्या बाईला पहिल्याच भेटीत सांगावे की तुझ्या मनातल्या रागानेच तू आजारी पडलीस, याला उपचार म्हणत नाहीत. आधीच वाकलेल्या माणसावर अपराधाचा आणखी एक भार टाकला जातो. संसारात राग येतो, माया असते, दोन्ही एका घरात नांदतात. त्याविषयी बोलावेसे वाटले तर प्रशिक्षित समुपदेशकाजवळ, तुमच्या सवडीने आणि तुमच्या शब्दांत बोलावे.

समग्र उपचार म्हणजे औषधाला पर्याय, असा समज रूढ झाल्याचे पाहून मला वाईट वाटते, कारण आपल्या परंपरेत तो तसा कधीच नव्हता. चरकाने चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले: मंत्र-उपासनेचा आधार घेणारी दैवव्यपाश्रय, आहार आणि औषधे युक्तीने योजणारी युक्तिव्यपाश्रय, आणि मनाला अहितकारक विषयांपासून आवरणारी सत्त्वावजय. तिन्ही एकाच वैद्याच्या हाती होत्या. आणि आपल्या बडोद्याला तर याचा विशेष अभिमान वाटावा. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांचा जन्म १८८३ साली इथून जवळच डभोईला झाला. बडोद्यात जुम्मादादांच्या व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली ते तयार झाले आणि पुढे नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून त्यांनी योग घेतला. गुरूंवर त्यांची पूर्ण श्रद्धा होती. तरीही उड्डीयान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना शरीरात नेमके काय घडते, हे त्यांनी १९२०च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात आधुनिक उपकरणांनी तपासून पाहिले आणि १९२४ साली कैवल्यधाम सुरू करून तेच काम पुढे नेले. योग जाणणारा माणूस मोजमापाला भीत नाही. जो उपचार करणारा साखर मोजू नका, गोळी सोडा, फक्त विश्वास ठेवा असे म्हणतो, तो या घराण्याचा नव्हे.

तुम्ही स्वतः काय करावे, ते आता सांगते. सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी दहा-दहा मिनिटे पाठ टेकून बसावे, मनात पाच अंक मोजत श्वास घ्यावा आणि पाच अंक मोजत सोडावा, कोठेही कोंडून धरू नये. असे केल्यास मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात आणि या गतीला हृदय आणि रक्तदाब यांचे नियमन करणाऱ्या मज्जासंस्थेचा तोल सुधारतो. ज्यांना अंक मोजणे रुक्ष वाटते त्यांच्यासाठी जप आहेच. इटलीतील संशोधकांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवून दिले की लॅटिनमधील मेरीची प्रार्थना म्हणताना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' म्हणताना, दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. कमाटीबागेपर्यंत जाणे होत नसेल तर सोसायटीच्या आवारातल्या फेऱ्याही चालतात. पहाटे जाग आली की अंथरुणात तळमळत पडू नये. उठून मंद दिव्यात बसावे, मोबाइल हाती घेऊ नये, पेंग आली की पुन्हा आडवे व्हावे. आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नये.

जेवणाविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, पण मी विचारतेच. "एकटीसाठी कुठे कुकर लावायचा" असे म्हणत संध्याकाळी चहाबरोबर खाखरा किंवा खारी खाऊन निजणाऱ्या कितीतरी भगिनी मला भेटतात. दोघांच्या आमटीचे माप हाताला बसलेले असते. वाटीभर डाळ काढावी आणि त्यातली अर्धी पुन्हा डब्यात टाकावी लागावी, यातच जेवणाची इच्छा मरते. ही भूक न लागण्याची गोष्ट नाही, शोकाचीच आहे, आणि मधुमेहात तिचा परिणाम थेट साखरेवर आणि स्नायूंच्या ताकदीवर होतो. मूग, मटकी, दही, ताक यांपैकी काहीतरी रात्रीच्या पानात असलेच पाहिजे. जमल्यास आठवड्यातून दोन-तीनदा शेजारणीबरोबर जेवावे. तिच्या घरी भाजी, तुमच्या घरी भाकरी.

शोकाला मुदत नसते, तरी एक खूण लक्षात ठेवावी. सहा महिने उलटूनही गेलेल्या माणसाची ओढ रोज तितक्याच तीव्रतेने जाळत असेल, आणि उठणे, नाहणे, माणसांत जाणे थांबले असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत. नैराश्यही सोबत असू शकते, आणि आपल्याकडे ते पुष्कळदा अंगदुखीच्या रूपाने दाराशी येते. मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे. जगणे नको असा विचार एकदा जरी आला, तरी त्याच दिवशी तेथे बोलावे आणि मुलालाही सांगावे.

राहिली पूजा. असाध्य रुग्णांची सेवा करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी 'समग्र वेदना' ही कल्पना मांडली, तेव्हा शरीर, मन आणि सामाजिक नाती यांच्याबरोबर त्यांनी अध्यात्मिक वेदनाही तिच्यात धरली होती. देवापुढे बसवत नाही, काय मागावे ते कळत नाही, ही तीच वेदना आहे. ते पाप नव्हे आणि त्याची शिक्षा म्हणून मान धरलेली नाही. सगळी षोडशोपचार पूजा होत नसेल तर निरांजन लावून दोन मिनिटे बसावे. तेही होत नसेल तर तूर्त मुलाला किंवा सुनेला करू द्यावी. आपल्याकडची दत्तभक्त मंडळी नारेश्वर आणि गरुडेश्वरला जातात, त्यांच्याबरोबर एखादा दिवस नर्मदेकाठी जाऊन यावे, नवस न करता. तुमच्या परिसरातील महिला मंडळालाही या निमित्ताने मी कळकळीने विनंती करते की हळदीकुंकवाला या ताईंना बोलवावे. नवरा गेला म्हणून बाईला चारचौघींतून वगळण्याची रीत तिचे दुखणे वाढवते, आणि ती मोडण्यासाठी कोणत्याही औषधाची गरज नाही.

प्रश्न : मी मकरपुऱ्यात नोकरी करतो. आईला स्तनाचा कर्करोग असून केमोथेरपी चालू आहे. नातेवाईक रेकी, हळदीच्या कॅप्सूल आणि एक काढा सुचवत आहेत. काय करावे?

उत्तर : रेकीने, म्हणजे हाताने 'ऊर्जा' देण्याच्या पद्धतीने, कर्करोग बरा होत नाही. पण कोणी शांतपणे अंगावरून हात फिरवला आणि आईंना बरे वाटले, तर त्याला माझी हरकत नाही, मात्र त्यासाठी केमोची एकही तारीख चुकता कामा नये. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रस्थापित उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या कर्करुग्णांत मृत्यूचा धोका अडीच पट आढळला, आणि स्तनाच्या कर्करोगात तर तो पाच पटींहून जास्त होता. उलट सोबतीने केलेल्या साध्या गोष्टी उपयोगाच्या आहेत. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनात रुग्णांच्या चिंतेसाठी आणि उदासीसाठी सजगतेच्या ध्यानाची शिफारस केली आहे, योगाचाही त्यात समावेश आहे.

काढा आणि कॅप्सूल यांबाबत मी अधिक कडक आहे. भाजीतली हळद वेगळी आणि सत्त्व काढलेली कॅप्सूल वेगळी. तिच्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमोच्या काळात यकृतावर आधीच भार असतो. इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची २००८ साली तपासणी झाली, तेव्हा सुमारे एक पंचमांश नमुन्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. म्हणून जे काही द्यावेसे वाटेल त्याची बाटली घेऊन कर्करोगतज्ज्ञांकडे जावे आणि ते हो म्हणाले तरच द्यावे. लपवून काही देऊ नये.

प्रश्न : योगवर्ग निवडताना काय पाहावे?

उत्तर : शिक्षक प्रवेशाच्या वेळी तुमचे आजार, शस्त्रक्रिया आणि चालू औषधे लिहून घेतात का, हे पाहावे. काचबिंदू असलेल्यांना शीर्षासन, आणि गरोदर स्त्रिया, हर्निया किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांना कपालभाती ते स्वतःहून वर्ज्य करत असतील, तर पैसे भरावेत.