अपक्ष खासदाराने संसदेत काय केलं हे कसं बघायचं? एकट्याच्या मताने काही होतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पक्ष नसलेल्या खासदाराने कोणत्या बाजूने मत दिलं, काय बोलला, हे कुठे सापडतं. आणि मुळात अशा एकट्या माणसाच्या मताला लोकसभेत काही किंमत असते का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते दिल्याशिवाय पहिल्याला अर्थ येत नाही.

माझ्यासाठी या विषयातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे आचार्य कृपलानी, अमरोह्याचे अपक्ष खासदार. स्वतंत्र भारताच्या लोकसभेत पहिला अविश्वास ठराव मांडला तो यांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, आणि तोही पंडित नेहरूंच्या सरकारवर.

हा माणूस काही काल-परवा राजकारणात आलेला नव्हता. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी काँग्रेसचे अध्यक्ष कृपलानीच होते. पुढे सरकार आणि पक्ष यांच्यातल्या नात्यावरून बिनसलं, १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं, १९५१ मध्ये काँग्रेसही सोडली. मग किसान मजदूर प्रजा पक्ष, मग प्रजा समाजवादी पक्ष, आणि १९६० मध्ये तिथूनही बाहेर. वय सत्तरीच्या पुढे आणि पाठीशी कुठलाच पक्ष नाही.

एप्रिल १९६१ मध्ये संरक्षण खात्याच्या मागण्यांवर चर्चा होती. कृपलानींनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना थेट धारेवर धरलं. सैन्यात गट पाडले, अधिकाऱ्यांचं मनोधैर्य खचवलं, गरीब देशाचा पैसा वाया घालवला, असा त्यांचा आरोप होता. त्यातलं सगळंच मला पटत नाही. देशातच शस्त्रास्त्रं बनवायला मेनन यांनी दिलेला जोर खरा होता, आणि कृपलानींच्या बोलण्यात वैयक्तिक राग डोकावत होता असं मला वाटतं. पण सैन्याच्या तयारीबद्दलची काळजी त्यांनी भर सभागृहात, नाव घेऊन, नोंद राहील अशा रीतीने मांडली.

पुढच्याच वर्षी ते उत्तर मुंबईतून मेनन यांच्याविरुद्ध उभे राहिले. नेहरू स्वतः मेनन यांच्या प्रचाराला उतरले आणि मुंबईकरांनी कृपलानींना सपशेल पाडलं. त्यानंतर काही महिन्यांतच चीनने हल्ला केला, मेनन यांना जावं लागलं आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण सह्याद्रीला धावायची वेळ येईल अशी धोक्याची घंटा दीड वर्ष आधी वाजवणाऱ्या माणसाला आपल्याच मुंबईने पाडलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. मला ते सांगावंसं वाटतं.

मे १९६३ मध्ये पोटनिवडणुका झाल्या. अमरोह्यात कृपलानी अपक्ष म्हणून उभे राहिले आणि केंद्रीय मंत्री हाफिज महंमद इब्राहिम यांना हरवून लोकसभेत परतले. त्याच सुमारास राममनोहर लोहिया फर्रुखाबादहून आणि मिनू मसानी राजकोटहून निवडून आले. तीन ठिकाणी काँग्रेसला दणका बसला होता. तरी लोकसभेत तिचं बहुमत इतकं प्रचंड होतं की सरकार पडण्याचा प्रश्नच नव्हता.

हे माहीत असूनही कृपलानींनी ठराव आणला. १९ ऑगस्टला चर्चा सुरू झाली, २२ ऑगस्टला मतदान झालं. चार दिवसांत २१ तासांहून जास्त वेळ सभागृह बोलत होतं. चीनकडून झालेला पराभव निघाला, भ्रष्टाचार निघाला, सक्तीची ठेव योजना आणि सोने नियंत्रणही निघालं. पंतप्रधानांना चारही दिवस सगळं ऐकून घ्यावं लागलं आणि शेवटी उत्तर द्यावं लागलं.

याच चर्चेत लोहियांचं ते गाजलेलं भाषण झालं. देशातले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर रोज २५ हजार रुपये खर्च होतात, असं ते म्हणाले. नेहरूंचं म्हणणं पंधरा आणे. तीन आणे की पंधरा आणे हा वाद तिथून जो सुरू झाला तो देशभर गेला. गरिबी मोजायची कशी हा प्रश्न रस्त्यावरच्या माणसाच्या तोंडी आला. लोहिया स्वतः समाजवादी पक्षाचे, पण त्यांना हे व्यासपीठ मिळालं एका अपक्षाच्या ठरावामुळे.

मतदानात ठरावाच्या बाजूने ६२ आणि विरोधात ३४७ मतं पडली. लोकसभेच्या चर्चांचे जुने खंड आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात स्कॅन केलेले आहेत. मतविभाजनाची, म्हणजे कोणी कोणत्या बाजूने मत दिलं याची, यादी एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आडनाव आधी, मग ‘श्री’ किंवा ‘श्रीमती’, मग आद्याक्षरं, वर्णानुक्रमाने. ‘होय’ची यादी बघता बघता संपते, ‘नाही’ची संपता संपत नाही. त्या छोट्या यादीपाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. हरणार हे पक्कं ठाऊक असलेली माणसं आहेत ती, आणि तरीही प्रत्येकाने आपलं नाव तिथे नोंदवलं आहे.

नेहरूंच्या उत्तराचं मला तेवढंच कौतुक आहे. सरकार पडेल अशी आशा कुणालाच नसल्याने ही चर्चा थोडी अवास्तव आहे, असं ते म्हणाले, पण ठरावाचं त्यांनी स्वागत केलं. अशी परीक्षा अधूनमधून व्हावी असंही म्हणाले. आणखी एक गोष्ट राहून राहून आठवते. कृपलानींच्या पत्नी सुचेता कृपलानी तेव्हा काँग्रेसमध्येच होत्या, उत्तर प्रदेशात मंत्री. पतीने काँग्रेस सरकारवर अविश्वास ठराव आणला, त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २ ऑक्टोबर १९६३ रोजी, त्याच काँग्रेसने त्यांना मुख्यमंत्री केलं. देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. नवऱ्याने काय केलं याचा हिशेब बायकोकडून वसूल झाला नाही.

तर एकट्याच्या मताने सरकार पडत नाही, पण एकट्याच्या नोटिशीने चार दिवस सरकारला उत्तरं द्यावी लागली. आजच्या नियमानुसार अविश्वास ठराव चर्चेला यायला ५० सदस्य उभे राहावे लागतात, म्हणजे इतरांची साथ लागतेच. पण सुरुवात कुणीही करू शकतो, अपक्षसुद्धा.

आता तुमचा पहिला प्रश्न. खासदार काय बोलला हे शोधणं सोपं आहे: संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याचं नाव टाकलं की त्याची भाषणं आणि प्रश्न सापडतात. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग, खासगी विधेयकं (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) यांचे आकडे देते. पण आकड्यांवर भाळू नका. ‘इतके प्रश्न विचारले’ असं फ्लेक्सवर लिहितात, पण बरेचदा एकाच विषयावरचे अनेक खासदारांचे प्रश्न एकत्र करून त्यांना एकच लेखी उत्तर दिलेलं असतं. ते उत्तर उघडा, वर किती नावं आहेत ते बघा, आणि प्रश्न तुमच्या मतदारसंघाच्या दुखण्याशी जोडलेला आहे का ते वाचा. खासगी विधेयकाचंही तसंच. आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायद्यात उतरली आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं. विधेयक मांडलं ही चांगली गोष्ट, पण एवढ्यावर हुरळून जाऊ नये.

मताचं प्रकरण मात्र अवघड आहे. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’चा गलका झाला, ‘नाही’चा झाला, अध्यक्षांनी निकाल दिला, संपलं. कोण कुठल्या बाजूने ओरडलं याची नोंदच नसते. एखाद्या सदस्याने मतविभाजन मागितलं आणि ते झालं, तरच नावं कागदावर येतात. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर मध्यरात्रीनंतर २८८ विरुद्ध २३२ असं मतदान झालं, तसं. म्हणून वर्षाकाठी जी काही मोजकी मतविभाजनं होतात तीच शोधा.

आणि अपक्षाची यादी पक्षाच्या खासदारापेक्षा जास्त बारकाईने तपासा, असं मी म्हणेन. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षाच्या खासदाराला व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला तर खासदारकी गमवावी लागू शकते. त्याचं मत त्याचं स्वतःचं आहे की पक्षाचं, हे सांगता येत नाही. अपक्षावर व्हिप चालत नाही. निवडून आल्यावर तो एखाद्या पक्षात रीतसर गेला तर अपात्र ठरतो, पण बाहेरून पाठिंबा देऊ शकतो. २०२४ मध्ये सांगलीतून विशाल पाटील अपक्ष म्हणून लाखाच्या मताधिक्याने निवडून आले आणि लगेच काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं, ते याच चौकटीत. पाठिंबा देण्यात गैर काही नाही. पण प्रत्येक मत मात्र त्याचं स्वतःचं राहतं.

भाषणाच्या लांबीवरून अपक्षाला जोखू नका. वेळ पक्षाच्या संख्येप्रमाणे वाटला जातो, अपक्षाच्या वाट्याला थोडीच मिनिटं येतात, तीही बरेचदा शेवटी, बाकं रिकामी झाल्यावर. त्या मिनिटांत त्याने दुसऱ्या कुणी न काढलेला एखादा मुद्दा काढला का, एवढंच बघा.

आणि एखाद्या मोठ्या मतविभाजनाच्या दिवशी तुमच्या खासदाराचं नाव ना ‘होय’मध्ये, ना ‘नाही’मध्ये, ना तटस्थांत असेल, तर ती तारीख लिहून ठेवा. ते गावात येतील तेव्हा सगळ्यांसमोर विचारा, साहेब, त्या दिवशी आपण कुठे होतात?