गोकर्ण पहिल्यांदाच लावताय? एवढं सांभाळा

नमस्कार. गोकर्णाची वेल आपली आपण कुठे वाढते ते आधी बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळेल. ठाणे, नवी मुंबईत ती कुंपणाच्या जाळीवर, रस्त्याकडेच्या झुडपांवर चढलेली दिसते: भरपूर ऊन, पाणी न साचणारी जागा, चढायला आधार. बाल्कनीत नेमकं हेच द्या. रोज ५-६ तास ऊन नसेल तर वेल वाढेल, फुलं मात्र तुरळक येतील.

बी वाळून तपकिरी झालेल्या शेंगांतूनच घ्या. येऊरच्या जंगलातून काही आणू नका, तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो.

बहुतेकांचं बी रुजत नाही ते टणक सालीमुळे. पाणी आत शिरतच नाही. बी बारीक पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकेच घासा. गडद साल जाऊन आतला फिका रंग दिसला की थांबा. बीवर जिथे छोटा डोळा असतो, ती बाजू घासू नका. रात्रभर भिजवा. सकाळी टम्म फुगलेलं बी पेरा, न फुगलेलं पुन्हा घासा. १ सेंटिमीटर खोल, थेट १२ इंची कुंडीत. सोटमूळ असल्यामुळे मोठं रोप हलवलेलं सोसत नाही.

दुसरी चूक खताची. ही शेंगावर्गातली वेल. मुळांच्या गाठींतले जिवाणू तिला हवेतला नायट्रोजन पुरवतात. युरिया घातलात की नुसता पाला माजतो. सुरुवातीला मूठभर शेणखत पुरे.

आणि पावसाळ्यात कुंडीखालची थाळी काढून ठेवा.