ते नारिंगी फूल पॉपी नाही, ग्लोबमॅलो आहे

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या बाहेर मार्चमध्ये रस्त्याकडेला दिसलेलं नारिंगी फुलांचं झुडूप पॉपी (खसखशीच्या कुळातलं फूल) आहे का, आणि ते दरवर्षी तिथेच फुलेल का, असं तुम्ही विचारलंय.

पॉपी नाही. तिकडच्या पॉपीला चार पाकळ्या असतात, पानं बारीक चिरलेली असतात आणि एका देठावर एकच फूल येतं. तुमच्या फोटोत पाच पाकळ्या आहेत आणि लांब काडीवर ओळीनं फुलं लागलीत. फुलाच्या मधोमध बघा: पुंकेसर सुटे नाहीत, जास्वंदीसारखे एका दांड्यात जुळलेत. म्हणजे हे भेंडी-कापसाच्या कुळातलं. नाव ग्लोबमॅलो, प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) स्फेराल्सिया, आणि माझ्या मते जात अँबिग्वा. मोहावी आणि सोनोरा ही दोन्ही वाळवंटं तिचं मूळ घर.

रंगावर मात्र जाऊ नका. हीच जात गुलाबी, जांभळट, पांढरीसुद्धा फुलते, आणि नर्सरीतून आणलेल्या रोपांत तर संकर सर्रास असतात.

दरवर्षी तिथेच फुलेल की नाही, म्हणजे झुडूप बहुवर्षायू आहे का, ते बुंध्यापाशी कळतं. अँबिग्वाचा बुंधा लाकडासारखा टणक असतो, त्यातून पुष्कळ काड्या फुटतात आणि त्यांत मागच्या वर्षीच्या वाळक्या काड्याही सापडतात. तिचीच बहीण कोल्टेरी वर्षायू आहे: हिवाळी पाऊस चांगला झाला की वाळूत उगवते, पानं पातळ, अंग सडपातळ, उन्हाळ्यात संपली. फोटोत बुंधा झाकला गेलाय, म्हणून मी ‘माझ्या मते’ म्हटलं.

खात्री हवी असेल तर पिकलेलं फळ बघा. आपल्याकडे माळावर मुद्रा किंवा पेटारी उगवते ना, तिच्या फळात जशा फाका चक्राकार बसलेल्या असतात, तशाच इथेही असतात, फक्त फळ बरंच लहान. एक फाक सुटी करून भिंगाखाली धरा. खालचा भाग जाळीदार असतो, वरचा गुळगुळीत, आणि उकलतो तो वरचाच. या दोन भागांचं प्रमाण जातीनुसार बदलतं. वनस्पतिशास्त्रज्ञ फुलापेक्षा यावरच जास्त भरवसा ठेवतात, आणि ते बरोबरच आहे.

हे करताना एक काळजी घ्या. पानांवरची करडी लव म्हणजे चांदणीच्या आकाराचे सूक्ष्म केस. हाताला लागून डोळ्यात गेले तर चांगलेच चुरचुरतात, तेव्हा डोळ्यांना हात लावण्याआधी हात धुवा. पुढच्या वेळी बुंध्याचा आणि फळाचा फोटो टाका, मग जात नक्की सांगता येईल.