आधी भावंडांची तपासणी, बाकीचं नंतर

बोन मॅरो (हाडांच्या आतली, रक्त तयार करणारी मज्जा) प्रत्यारोपणाबद्दल दर वेळी त्याच शंका, त्याच ऐकीव गोष्टी येतात. म्हणून या खेपेला सगळी उत्तरं एकत्र देतो.

भावाला मज्जा दिली तर पाठीचा कणा कायमचा अधू होतो, असं शेजारी सांगतात. खरं आहे का? (गिरगाव)

नाही. कण्याला कुणी हातही लावत नाही. भूल देऊन कमरेच्या हाडातून मागच्या बाजूने मज्जा काढतात, नाहीतर चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन हाताच्या शिरेतून मशीनवर पेशी गोळा करतात. कंबर किंवा अंग काही दिवस ठणकतं. दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते.

बहिणीचा रक्तगट बी, माझा ओ. म्हणजे जुळणार नाही ना? (डोंबिवली)

रक्तगट वेगळा असला तरी चालतं. जुळावं लागतं ते एचएलए, म्हणजे पेशींवरच्या आनुवंशिक खुणा.

हे उपचार इथे होतात की परदेशी जावं लागतं? (दादर)

परळच्या टाटा मेमोरिअलमध्ये पहिलं प्रत्यारोपण १९८३ साली झालं. घर विकू नका.

मुलगा सात वर्षांचा आहे, थॅलेसेमिया मेजर (अंगात पुरेसं रक्त न बनण्याचा जन्मजात आजार). दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो, तब्येत छान आहे. घरचे म्हणतात, दहावी होऊ दे, मग प्रत्यारोपणाचं बघू. थोरली मुलगी निरोगी आहे. (मुलुंड)

दहावीचा या आजाराशी काय संबंध? 'छान आहे' हे तुम्ही चेहऱ्यावरून सांगताय. मला फाइल बघायची आहे. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण दोनशे मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये साचत राहतं. फायली माझ्याकडे येतात त्यात रक्त चढवल्याच्या तारखा एकही न चुकता असतात, आणि फेरिटिनचा (अंगातल्या लोहाचा साठा दाखवणाऱ्या तपासणीचा) शेवटचा रिपोर्ट दीड वर्षापूर्वीचा, चार हजारांच्या पुढचा! लोह उतरवायची गोळी 'पोटात मळमळतं' म्हणून बंद, आणि डॉक्टरांना त्याचा पत्ता नाही.

इटलीतल्या पेसारोच्या डॉक्टरांनी फार पूर्वीच दाखवून दिलं की यकृत वाढलेलं नाही, त्यात व्रण नाहीत आणि लोहाची औषधं नियमित चालू आहेत, अशा मुलांत प्रत्यारोपण सर्वांत चांगलं साधतं. तुम्ही दहावीची वाट बघत हीच स्थिती घालवून बसाल.

तेव्हा या महिन्यात मुलीची एचएलए तपासणी करा. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ती थॅलेसेमिया मायनर (दोष अंगात आहे, पण आजार नाही) निघाली तरी दाता होऊ शकते, तेवढ्यावरून तिला बाद करू नका. आणि एक कटाक्षाने पाळा: काका-मामांनी प्रेमापोटी मुलाला स्वतःचं रक्त देऊ नये. पुढे मज्जा नाकारली जाण्याचा धोका त्याने वाढतो.

धोका नाहीच असं मी म्हणणार नाही. मज्जा रुजत नाही, दात्याच्या पेशी रुग्णाच्याच अंगावर उठतात, जंतुसंसर्ग होतो, क्वचित मूल दगावतं. पुढे मूल होण्यावरही परिणाम होऊ शकतो. म्हणूनच निर्णय प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांसमोर बसून घ्या, लग्नाच्या पंगतीत नको. बोरिवलीला महापालिकेचं प्रत्यारोपण केंद्र आहे. भावंड जुळलं तर कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून मदत मिळू शकते, तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. त्या योजनेलाही वयाची अट असते, हे दहावीवाल्यांना सांगा.

सातवा महिना आहे. नाळेचं रक्त साठवणाऱ्या कंपनीचा माणूस हप्त्यांची स्कीम घेऊन घरी येतोय. 'बाळाचा आयुष्यभराचा विमा' म्हणतो. (ठाणे)

त्याला एकच विचारा: बाळाला थॅलेसेमिया असेल तर त्याच्याच नाळेच्या पेशींत तो नसेल का? ब्लड कॅन्सरमध्येही स्वतःच्या साठवलेल्या पेशी सहसा वापरत नाहीत. खासगी साठवणुकीची शिफारस आयसीएमआर ही देशाची वैद्यकीय संशोधन परिषदही करत नाही. घरात थोरल्या भावंडाला असा आजार असेल तर गोष्ट वेगळी, मग बाळंतपणाआधीच रक्तविकारतज्ज्ञांना भेटा. तसं नसेल तर तुम्ही नवरा-बायको दोघांनी एचबीए२ ही थॅलेसेमिया मायनर ओळखणारी रक्ततपासणी करून घ्या. खरं तर ती लग्नाआधीच व्हायला हवी होती.

वडिलांना ब्लड कॅन्सर, वय ६१. पूर्ण जुळणारा दाता नाही. आता ती नवी कार-टी घ्यावी का? (कल्याण)

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरिअलच्या कामातून आलेल्या कार-टीला (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याची उपचारपद्धत) २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण ती बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींच्या ठरावीक कॅन्सरसाठी आहे. 'ब्लड कॅन्सर' एवढ्यावर काहीच ठरत नाही, नेमका प्रकार बघा. दात्याचं म्हणाल तर हल्ली निम्म्या जुळणीवरही प्रत्यारोपण होतं, म्हणजे तुम्ही स्वतः दाता ठरू शकता. ६१ हे वय आडवं येतंच असं नाही, हृदय, फुप्फुसं, किडनी बघून ठरतं. आजार पुन्हा उसळायच्या आत जा.

मुलीच्या प्रत्यारोपणाला चार महिने झाले. गणपतीला कोकणात नेऊ का? (लालबाग)

तिकिटं काढण्याआधी तिच्या डॉक्टरांना विचारा. प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू असेल तर ते बहुधा नाहीच म्हणतील, आणि त्यावर हुज्जत घालू नका. डॉक्टरांकडे जाताना लसींचं कार्ड न्या, लहानपणीच्या लसी तिला पुन्हा घ्याव्या लागतील.