गेटची गोम: वाचकांचे प्रश्न

७४०८ चा (चार अँड गेटचा) आयसी ब्रेडबोर्डवर लावला. दोन्ही इनपुट मोकळे असतानाही आउटपुटचा एलईडी पेटतो. अँड गेट खराब आहे का? (डिप्लोमाचा विद्यार्थी, कोथरूड)

गेट ठणठणीत आहे. फक्त ‘मोकळं’ म्हणजे ‘शून्य’ हे तुम्ही गृहीत धरलंय, ते चुकीचं आहे. तुमच्या आयसीवर ७४एलएस०८ असं छापलं असेल. या टीटीएल (बायपोलर ट्रान्झिस्टरांच्या) जातीत करंट इनपुटच्या पिनमधून बाहेर वाहतो. त्याला ग्राउंडची वाट मिळाली तरच गेट त्याला शून्य मानतं. पिन अधांतरी ठेवली, की गेट एक समजतं. दोन्ही इनपुट एक, म्हणून आउटपुटही एक. ट्रुथ टेबलप्रमाणेच (कुठल्या इनपुटला कुठलं आउटपुट, त्या तक्त्याप्रमाणेच) चाललंय!

यावर १० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावायचा सल्ला हमखास मिळतो. एलएसमध्ये तो फसतो. पाच व्होल्टच्या सप्लायवर ०.८ व्होल्टच्या खाली शून्य आणि २ च्या वर एक, असा टीटीएलचा हिशेब आहे. मधल्या पट्ट्यात कसलीच खात्री नाही. इनपुटमधून जास्तीत जास्त ०.४ मिलिअँपियर करंट येऊ शकतो, म्हणजे १० किलोओहमवर पिनचं व्होल्टेज ०.८ च्या वर सहज चढू शकतं. १ किलोओहम लावला तर ०.४ व्होल्ट, मग काम झालं. त्याहून बरं म्हणजे १० किलोओहम पाच व्होल्टकडे लावा आणि बटण ग्राउंडकडे. बटण दाबलं की शून्य, सोडलं की एक. उलटं वाटतं, पण सवय होते.

७४एचसी०८ असेल तर गोष्ट आणखी विचित्र. तो सीमॉस, म्हणजे इनपुटला जवळपास करंटच न लागणारी जात. मोकळ्या पिनजवळ नुसता हात नेला तरी एलईडी लुकलुकू शकतो. त्यात न वापरलेल्या गेटचे इनपुटही ग्राउंडला किंवा सप्लायला बांधायचेच. आउटपुट मात्र मोकळे सोडा. आणि पुढच्या वेळी ट्रुथ टेबल घोकण्याआधी मल्टिमीटर पिनवर टेकवा.

नातू एक्स-ऑर गेट शिकतोय. घरात त्याचा काही उपयोग दिसत नाही. (निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ)

गुरुजी, तुमच्या जिन्यातच असेल. खालचं बटण दाबा नाहीतर वरचं, दिव्याची स्थिती बदलते. दोन इनपुट वेगवेगळे असले की एक, सारखे असले की शून्य, हेच एक्स-ऑर. बटणाच्या कुठल्या बाजूला ‘एक’ म्हणायचं ते नातवाला उलटं करायला सांगा. तेच वायरिंग एक्स-नॉर (एक्स-ऑरचं उलटं) ठरेल. यावर अर्धा तास वाद होईल, होऊ द्या.

त्याच्या वहीत हाफ अ‍ॅडर (दोन बिटांची बेरीज करणारं सर्किट) येईल तेव्हा हेच गेट बेरजेचा अंक देतं आणि हातचा अँड गेट देतं.

नँडला ‘युनिव्हर्सल’ का म्हणतात? परीक्षेला येतं, पण पटत नाही. (बीसीएसची विद्यार्थिनी, हडपसर)

नँड म्हणजे उलटवलेला अँड. त्याचे दोन्ही इनपुट एकमेकांना जोडले की नॉट, म्हणजे एकाचं शून्य आणि शून्याचं एक करणारं गेट. नँडपुढे तो नॉट लावला की अँड. दोन्ही इनपुट आधी उलटवून नँडला दिले की ऑर (एखादा इनपुट जरी एक असला तरी एक). एवढं जमलं की बाकीचं सगळं यातूनच. एक्स-ऑरला चार नँड पुरतात, म्हणजे नेमका एक ७४०० (चार नँडचा आयसी). शिवाय सीमॉसमध्ये दोन इनपुटच्या नँडला चार ट्रान्झिस्टर लागतात, अँडला सहा, कारण अँड म्हणजे आतून नँड अधिक नॉट. उलटवलेला ऑर, म्हणजे नॉरही, तसाच सर्वसमर्थ. अपोलो यानातल्या मार्गदर्शक संगणकाचं लॉजिक नॉर गेटवरच उभं होतं.

तपकीर गल्लीत आयसी घ्यायला जातोय. काय मागू? (नववीतल्या मुलाचे वडील, चिंचवड)

नुसतं ‘७४००’ म्हणू नका, एलएस की एचसी ते सांगा, आणि एका सर्किटात एकच जात ठेवा. सुरुवातीला ७४०० (नँड), ७४०४ (नॉट), ७४०८ (अँड), ७४३२ (ऑर) आणि ७४८६ (एक्स-ऑर) पुरे. या सगळ्यांत ७ नंबरची पिन ग्राउंड, १४ नंबरची पाच व्होल्ट. ७४०२ (नॉर) घेतलात तर जपून, त्यात पहिल्या गेटचं आउटपुट १ नंबरच्या पिनवर आहे, ७४०० मध्ये ते ३ नंबरवर. सोबत ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर घ्या, प्रत्येक आयसीच्या सप्लायच्या पिनांजवळ एक. आणि एलईडीसाठी ३३० ओहमचे रेझिस्टर, ते विसरलात तर गल्लीत दुसरी चक्कर ठरलेली.