वेगासाठी विंडोज ११ मधली मेमरी इंटिग्रिटी बंद करावी का?

तुम्ही विचारलंय की विंडोज ११ टाकल्यापासून लॅपटॉप जड चालतोय, मित्र म्हणतो मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षा तपासणी बंद कर म्हणजे पळायला लागेल, तर करू का? नका करू. कारण पुढे सांगतो. पण ‘सुरक्षा काढली की वेग येतो’ हे ऐकलं की मला आधी २०१७ आठवतं, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

तेव्हा एका कार्यालयातले चाळीसेक कॉम्प्युटर माझ्याकडे होते. सगळ्यांवर विंडोज ७, रॅम २ नाहीतर ४ जीबी आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबून लोक चहाला जायचे, परत येईपर्यंत जेमतेम डेस्कटॉप दिसायचा. आमच्या साहेबांनी यावर एकच इलाज ठरवला होता, सगळे अपडेट बंद. त्यांच्या मते मशीन रखडायचं ते अपडेटमुळेच.

१४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टचा एमएस१७-०१० हा पॅच, म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती करणारा अपडेट, आला. नेटवर्कवर फाइली वाटून घेण्याच्या एसएमबी या सोयीत मोठं भोक होतं, ते बुजवणारा. मी साहेबांकडे दोनदा परवानगी मागितली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, “तुला मशीन चालवायची आहेत की नुसती कुलपं लावायची आहेत?” मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

१२ मे ला वॉनाक्राय पसरला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. शुक्रवार होता. शनिवारी सकाळी लेखा विभागातल्या काकूंचा फोन आला, “अरे, फाइल उघडत नाही आणि लाल खिडकी आलीय.” पोहोचलो तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे डब्ल्यूएनसीआरवाय, बिटकॉइनमध्ये ३०० डॉलरची मागणी, तीन दिवसांनी दुप्पट. कुणी काही क्लिक केलेलं नव्हतं. ज्या मशीनवर तो पॅच नव्हता तिथे हा किडा नेटवर्कवरून आपला आपण शिरत होता. मी धावत जाऊन केबली उपटल्या, तरी अकरा मशीन गेली. बॅकअपची डिस्क काकूंच्या मशीनला कायम जोडलेली असायची, त्यामुळे तीही कुलूपबंद झाली. पैसे कुणी भरले नाहीत. पुढचे दोन महिने काकू कागदी पावत्या समोर ठेवून हिशेब पुन्हा भरत होत्या आणि संध्याकाळी मी शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होतो.

नंतर मी हट्टाने त्यातल्या एका मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घेतली. सगळे अपडेट घातलेले, अँटिव्हायरस चालू, प्रोसेसर तोच. आधी सुरू व्हायला चार मिनिटं लागायची, ती अर्ध्या मिनिटाच्या आत आली. दोष डिस्कचा होता आणि शिक्षा अपडेटला मिळाली होती.

म्हणून तुम्हीही आधी टास्क मॅनेजर उघडा, मशीनवरचा भार दाखवणारी विंडोजची खिडकी. डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली दिसते का, रॅम भरलेली दिसते का? विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, पण ४ जीबीवर ब्राउझर उघडून काम करणं म्हणजे छळ आहे. ८ च्या खाली जाऊ नका, आणि फिरती डिस्क असेल तर ती आधी बदला.

आता मेमरी इंटिग्रिटीबद्दल. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे एकाच मशीनमध्ये वेगळा बंदिस्त कप्पा करण्याची, सोय वापरून विंडोज स्वतःच्या कर्नलपासूनही, म्हणजे गाभ्यापासूनही, वेगळा असा एक कोपरा राखते. कर्नलमध्ये शिरू पाहणारा प्रत्येक ड्रायव्हर (प्रिंटर, ग्राफिक्स वगैरे भाग चालवणारा प्रोग्रॅम) खरा आहे की नाही, हे तिथे तपासलं जातं. कर्नलमध्ये घुसखोरी झाली की अँटिव्हायरससुद्धा आंधळा होऊ शकतो, म्हणून ही तपासणी मोलाची. तिची किंमत वेगात मोजावी लागते, हे खरं. पण इंटेलच्या सातव्या पिढीपासून आणि एएमडीच्या झेन २ पासून प्रोसेसरमध्येच यासाठी सोय आहे, तिथे रोजच्या कामात फरक जाणवत नाही. त्याआधीच्या प्रोसेसरवर विंडोजला हेच काम सॉफ्टवेअरने रेटावं लागतं आणि तिथे फटका खरोखर बसतो. विंडोजच्या सिस्टीम इन्फर्मेशन या खिडकीत ‘मोड बेस्ड एक्झिक्युशन कंट्रोल’ दिसलं तर तुमच्याकडे ही सोय आहे.

आणि मेमरी इंटिग्रिटी चालू आहे का, हे तरी पाहिलंत का? विंडोज १० वरून वर चढवलेल्या पुष्कळ लॅपटॉपवर ती चालू झालेलीच नसते. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी आणि तिथे कोअर आयसोलेशन, एवढं उघडलं की कळेल. बंदच असेल तर मित्राच्या इलाजाला अर्थच उरत नाही.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही जड गेम खेळत असाल तर गोष्ट थोडी वेगळी. गेमपुरती ती बंद करून नंतर पुन्हा चालू करता येते, असं मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये सांगितलं आहे. एखादा जुना ड्रायव्हर या तपासणीत अडला तर त्याची नवी आवृत्ती शोधा, त्याच्यासाठी दार उघडं ठेवू नका. परत विंडोज १० वर जावं असं वाटत असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे ध्यानात घ्या. आणि काहीही करण्याआधी बॅकअप घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली ठेवू नका.

मित्राला म्हणावं, बंद करण्याआधी आणि नंतर मोजून दाखव. आमच्या साहेबांनी कधीच मोजलं नव्हतं. एसएसडीचे आकडे घेऊन मी त्यांच्या टेबलापाशी गेलो होतो. त्यांनी कागद वाचला, खणात ठेवला, आणि पुढच्या सोमवारी सगळ्या मशीनवर अपडेट चालू करायची चिठ्ठी माझ्याकडे आली.